डोंगरावरच्या नेटवाल्या बाई

"बघून येऊ," असं बाई म्हणाल्या की मी ओळखायची, आता ताटातली भाकरी ताटातच राहणार.

कुठं, कशाला, किती लांब, हे विचारायचं नाही. तोवर त्या उठलेल्या असायच्या. एका हातात स्कूटीची किल्ली, दुसऱ्या हातात उरलेला भाकरीचा तुकडा, पायात एक चप्पल स्वतःची आणि दुसरी माझी. त्यांच्या आई, म्हणजे शहापूरच्या आजी, दारापर्यंत मागं यायच्या. "अगो, घास तरी गीळ!" असं ओरडायच्या. तोवर आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलेल्या. मी मागं बसलेली, मांडीवर ताटाएवढी अँटेना, आणि मनात एकच, आज कुठला डोंगर चढायचा आहे कोण जाणे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एसटी सुटायच्या आधी स्टँडवर जी घाई असते, ती यांच्या अंगात बारा महिने असते. जवळ राहणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून हे माणूस असं तळमळतंय. मला तर ते आधीच वाटायचं. माझा स्वभावच तसा.

मी हिंगोलीकडची. आई आजारी पडली आणि सातवीत शाळा सुटली. पुढं लग्न झालं. मालकांना शहापूरच्या हायवेजवळ एका गोदामात काम लागलं, म्हणून इतक्या लांब आले. इथं ओळखीचं कुत्रंही नव्हतं. लोक "नाय गो" म्हणायचे, ते रागानं की प्रेमानं तेही कळायचं नाही. आजींकडं धुणीभांडी मिळाली आणि त्या घरात मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा त्या खिडकीच्या गजांवर उभ्या होत्या. पडदा लावत नव्हत्या. समोरच्या इमारतीची टाकी डोंगराला झाकते का, हे बघत होत्या.

"तुमची लेक काय करते?" असं शेजारीण विचारायची तेव्हा आजी म्हणायच्या, "कंप्युटरला कंप्युटर जोडते."

"म्हंजे केबलवाल्यासारखं?"

"तसंच. पण हिला कोण बिल देत नाय."

खरं तर बाई मोठ्या शिकलेल्या. त्या वाढल्या भातसानगरला, धरणाच्या वसाहतीत. वडील धरणाच्या दरवाज्यांवर कामाला होते. धरण भरलं की दरवाजे उघडायचे, आणि त्याआधी खालच्या नदीकाठच्या गावांना कळवायचं. ऑफिसातला फोन अशा वेळी हमखास मुका व्हायचा. मग वडील माणसांना सायकलवर पिटाळायचे. एकच निरोप घेऊन एक जण या रस्त्यानं, दुसरा त्या रस्त्यानं. एकाच्या वाटेत ओढा आडवा आला तर दुसरा तरी पोचेल. बाई लहानपणी कठड्याशी उभ्या राहून त्या सायकली दिसेनाशा होईपर्यंत बघायच्या. मला एकदा म्हणाल्या, "बाबा जे करत होते तेच मी करते. फक्त सायकली बदलल्या."

शहापुरात शाळा, मुंबईत इंजिनियरिंग, मग परदेशात मोठी पदवी. तिथं त्यांनी वर्षानुवर्षं एकाच गोष्टीचा विचार केला. वाट तुटली तर निरोपानं आपली आपण दुसरी वाट कशी शोधायची. त्यावर त्यांनी लिहिलं, ते मोठमोठ्या मासिकांत छापून आलं, आणि कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रांत त्यांची रीत बसवली गेली. हे सगळं मला आजींकडून कळलं. खुद्द बाईंना विचारलं तर "बसवली असेल" म्हणायच्या आणि पानातली मिरची बोटानं फिरवत राहायच्या. लग्नाचं कुणी विचारलं तर सरळ गच्चीवर जायच्या. आजींनी म्हणून तो विषयच बंद केला होता. "चौथ्या मजल्यावरून पडेल गो," म्हणायच्या.

मग परदेश सोडून त्या इकडच्याच एका संस्थेत संशोधक म्हणून आल्या आणि मुरबाडच्या पुढं, वैशाखऱ्याच्या वर डोंगरात, दोन वाड्यांना नेट द्यायचं काम हातात घेतलं. त्या वाड्यांत फोन लागत नसे. बोलायचं तर सड्यावरच्या, म्हणजे उघड्या माळावरच्या, एका खडकावर जाऊन उभं राहायचं. त्या खडकाचं नावच 'हॅलोचा खडक' पडलं होतं. तिथं रांग लागायची, आणि पुढच्याचं सगळं बोलणं मागच्यांना ऐकू यायचं. कुणाच्या जावयानं काय केलं ते वाडीला त्या खडकामुळं कळायचं.

मला त्यांनी कामावर कसं घेतलं ते सांगते. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. बाई आल्या, मी बांधलेली दोरी बोटानं टाणकन वाजवून बघितली.

"ही गाठ तू मारलीस?"

मी घाबरले. "चुकली का?"

"उंचावर भीती वाटते का तुला?"

"लई वाटते."

"बरं झालं. ज्यांना वाटत नाही ती माणसं पडतात. शाळा किती?"

"सातवी सुटली." मी मान खाली घातली.

"वाचता येतं ना? मग उद्यापासून माझ्याबरोबर चल. वाड्यांवर घराघरांत जावं लागतं. पुरुष माणूस आलं की बायका आत जातात, आणि नेटच्या पेट्या तर त्यांच्याच घरात लावायच्या आहेत."

रात्री मालक म्हणाले, "जाऊन तर बघ. नाही जमलं तर त्याच काढतील." ते 'काढतील' माझ्या डोक्यात पुढं कितीतरी महिने वाजत होतं. बाईंनी नुसतं कपाळ आकसलं तरी मला वाटायचं, झालं, आज आपला शेवटचा दिवस.

माझं पहिलं काम आरशाचं. दोन जागांमध्ये नेटची लहर जायची तर एका जागेवरून दुसरी दिसायला हवी, मधे झाड नको, टेकाड नको. त्यासाठी यंत्रं होती, पण बाईंचा विश्वास आरशावर. त्या खाली वैशाखऱ्यात एका छपरावर चढायच्या आणि मला वर पाठवायच्या. मी वरून आरशानं ऊन पाडायचं. त्यांना चमक दिसली की त्या खालून चमकवणार. नाही दिसली तर मी दहा पावलं सरकायचं, परत चमकवायचं. असं अख्खी दुपार. वाडीतल्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन जाता जाता थांबायच्या.

"किती येळ तोंड बघशील गो? हाय तसंच हाय!"

"नवऱ्याला निशाणी करते वाटतं."

मी लाजून अर्धी व्हायची. पण खालून, त्या तेवढ्या अंतरावरून, उन्हाचा एक ठिपका उघडमीट करायला लागला की माझ्या अंगावर काटा यायचा. इतक्या लांबून कुणीतरी आपल्याकडंच बघतंय. माझ्या गावाहून इथं आल्यापासून असं कुणी बघितलं नव्हतं.

रोज संध्याकाळी दिवसभरात काय पाहिलं ते फोनवर मराठीत टाईप करून पाठवायचं, हा बाईंचा नियम. पहिल्या दिवशी मी पाठवलं, "सर्व ठीक." उत्तर आलं, "ठीक म्हणजे काय? काय दिसलं ते लिही." मग मी लिहायला लागले. पेटीवर मुंगळे आहेत. वायर शेळीनं चावली आहे. आज दिवे दोनच लागले. आज हे जे तुम्ही वाचताय, ते त्या लिहिण्यातूनच आलेलं आहे.

काम तसं समजायला सोपं होतं. वैशाखऱ्यापर्यंत जमिनीतून तार आलेली. तिथून वाऱ्यावर मधल्या वाडीला आणि मधल्या वाडीतून वरच्या वाडीला. वरची वाडी डोंगराच्या मागच्या कुशीत, वैशाखऱ्यातून ती दिसतच नाही. म्हणजे मधल्या वाडीतली एक पेटी चालू असेल तरच वरच्या वाडीचा फोन लागणार. जन्मभर दुसरी वाट शोधणाऱ्या बाईंना इथं मात्र दुसरी वाट सापडली नाही. ते त्यांना फार खुपायचं.

मधल्या वाडीत उंचावर घर होतं ते बुधीबायचं. म्हातारी, काटक, बोलायला फटकळ. मुलगा, सून आणि नातवंडं. ओटीवर वाशाला पेटी लावली, छपरावर बांबूला दोन अँटेना, एक खाली बघणारी, एक वर बघणारी. करंट तिच्याच घरातून घेतला. पेटीवर हिरवा दिवा लागला तेव्हा बुधीबायनं तिला हळदकुंकू लावलं आणि बाईंना म्हणाली, "हिला खायला काय लागतं?"

"काही नको. फक्त चालू राहू दे."

वरच्या वाडीत पहिला फोन लागला त्या दिवशी हॅलोच्या खडकावर कुणी गेलं नाही. बाईंनी दोन पोळ्या उभ्या उभ्या खाल्ल्या, हे मी स्वतः पाहिलं.

पण मग विचित्र व्हायला लागलं. दिवसा सगळं नीट. दिवेलागण झाली की वरची वाडी गप्प. सकाळी परत चालू. माणसं कामावरून येऊन बोलणार ती संध्याकाळी, आणि नेमकं तेव्हाच बंद.

बाईंची झोप उडाली. त्यांनी पेटी बदलली. वायर बदलली. मग त्यांना वाटलं, संध्याकाळी दव पडतं, सागाची पानं ओली होतात, ओली पानं लहर पिऊन टाकतात. त्या सागाच्या झाडाखाली जाऊन पानं चाचपडायला लागल्या. दोन दिवस त्यांनी पानांवर काय काय लिहून काढलं आणि परदेशातल्या एका मोठ्या माणसाशी त्यावर तासभर इंग्रजीत बोलल्या. तोही म्हणाला म्हणे, शक्यता आहे. मला वाटायचं, मीच कुठली तरी गाठ सैल बांधली. मी गुपचूप जाऊन सगळ्या गाठी पुन्हा आवळून आले.

शेवटी एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, "बघून येऊ," आणि आम्ही मधल्या वाडीत बुधीबायच्या ओटीवर जाऊन थांबलो. तिनं कोरा चहा दिला. ऊन उतरलं. बुधीबायनं देवापुढं दिवा लावला, कोंबड्या झाकल्या, मग सावकाश पेटीपाशी आली, हात जोडले, आणि खटकन बटण बंद केलं.

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला.

"बुधीबाय, हे काय केलंत?"

"निजवली तिला."

"काय?"

"दिवसभर राबतंय तुमचं पोर. हिरवा डोळा टकटक उघडा. रातचं त्याला निजायला नको? उगा जळल बिळल, मग तुमी म्हणाल बुधीनं नीट ठेवलं नाय."

बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मी पाठीवर थापट्या मारत होते. बुधीबायला वाटलं चहात काही पडलं.

मग बाई तिच्यापुढं उकिडव्या बसल्या आणि त्यांची शहरी भाषा गळून पडली. "अगो बुधीबाय, तुझी लेक कुठं दिली?"

"वरच्या वाडीत."

"तिचा फोन या पेटीतनं जातो. तू बटण दाबलंस की तिचं तोंड बंद. समजलं काय?"

बुधीबायनं डोक्याला हात लावला. "आत्ता गो बाय! मंग सांगायचं नाय आधी? एवढी शिकलीस ती कशाला?" आणि बटण असं दाबलं की पेटी वाशाला हलली. त्या दिवसापासून तिनं पेटीजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. नातवंडानं हात लावला तर झाडू घेऊन मागं धावायची.

परतताना घाटाच्या पायथ्याशी बाईंनी स्कूटी थांबवली. रस्त्याच्या कडेला फेऱ्या मारत राहिल्या. मी म्हटलं, "आता तर सापडलं ना?"

"सापडलं. म्हणूनच बरं वाटत नाहीये." मग त्यांनी मला जे सांगितलं ते कुणाला सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. त्यांनी अशी जाळी आधीही उभी केली होती. एक आफ्रिकेत, एक हिमालयाकडं, एक कुठल्या बेटावर. सगळी छान चालली. सगळ्यांवर लिहिलं, वाहवा झाली. "आणि मी निघाले की बंद. प्रत्येक ठिकाणी. एकदा मी परत बघायला गेले तर पेटीत कोंबडी अंडी घालून बसली होती. मला बघून उठलीसुद्धा नाही." त्या हसल्या, पण तोंडच हसलं. "मी तिथं असते तोवर मीच धावते, मीच दुरुस्त करते. जाळं चालतं असं सगळ्यांना वाटतं. ते चालत नसतं, मी चालत असते. मला एक तरी मागे राहिलेलं बघायचंय."

मी म्हटलं, "इथं बुधीबाय हाय ना."

"बुधीबाय आहे. तू आहेस," त्या म्हणाल्या आणि किक मारली.

त्या 'तू आहेस'नं मला रात्रभर भीती वाटली.

पुढं वर्षभर त्यांनी मला छळलं, असंच म्हणायला हवं. अँटेना फिरवायची वेळ आली की आधी त्या फिरवायच्या आणि मी खाली मीटरचे दिवे वाचायची, लहर जितकी चांगली तितके जास्त दिवे. हळूहळू त्यांनी उलटं केलं. मी छपरावर, त्या खाली. मी चुकीची फिरवली तरी बोलायच्या नाहीत. खाली येरझाऱ्या घालायच्या, ओठ चावायच्या, केस ओढायच्या, पण सांगायच्या नाहीत. मी रडकुंडीला येऊन म्हणायची, "बाई, सांगा की हो, डावीकडं की उजवीकडं!"

"मला काय विचारतेस? मी चहा पितेय." हातात कप नसायचाच.

मग संस्थेचं इथलं काम संपलं. पेट्या वाड्यांच्या ताब्यात, देखभाल बायकांच्या बचतगटाकडं, आणि गटातर्फे मी. बाईंना ओरिसाकडं समुद्रकाठी पुढचं काम. वाडीतल्या बायकांनी ओटीचं सामान आणलं, खण आणला, नारळ सोलला. आणि बाई आदल्या दिवशी पहाटेच निघून गेलेल्या. कुणालाच न सांगता. बुधीबाय चिडून म्हणाली, "ही काय रीत झाली? पावन्यागत आली, चोरागत गेली." तो नारळ शेवटी आम्हीच फोडून खाल्ला.

दिवाळी झाली. दिवाळीनंतर त्या वाड्यांतली निम्मी घरं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडं, वाडा तालुक्याकडं, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मागं राहतात ती म्हातारी माणसं. मधल्या वाडीत म्हाताऱ्या बायका अशा दिवसांत एकट्या एकट्या निजत नाहीत. आपापल्या घरांना कुलूप लावून सगळ्या एकाच घरात मुक्काम करतात. एक चूल, एक दिवा, रात्री बोलायला माणूस. हे मला माहीत होतं, पण आदल्या वर्षी बुधीबायचा मुलगा भट्टीवर गेला नव्हता, त्यामुळं त्याचा पेटीशी काही संबंध असेल असं कधी डोक्यातच आलं नाही. बाईंच्याही आलं नसावं.

एका सकाळी फोन केला तर वरची वाडी मुकी. मी पहिल्या एसटीनं मुरबाड, तिथून वैशाखरे, तिथून चालत वर. बुधीबायच्या घराला कुलूप. मुलगा भट्टीवर जाताना घर बंद करायचं म्हणून आतला मेन स्विच पाडून गेलेला, किल्ली त्याच्याच खिशात. हॅलोच्या खडकावर जाऊन लावला तर त्याचा फोन बंद. बुधीबाय चार घरं पलीकडं, म्हाताऱ्यांच्या घरात. पेटीचा दिवा विझलेला.

"माज्या लेकीचा फोन नाय दोन दिस," बुधीबाय म्हणाली. "मला वाटलं रुसली."

मी परत खडकावर गेले आणि बाईंना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. परत. बाई फोन उचलणार नाहीत असं कधी झालं नव्हतं. दिवाळीला त्या शहापूरला आलेल्या, आईकडंच असतील, हे मला माहीत होतं. म्हणजे माझ्यापासून स्कूटीवर दोन तासांच्या आत. त्यांनी एकदा नुसतं 'बघून येऊ' म्हटलं असतं तर मी त्या कुलपाखाली गुडघ्यात डोकं घालून थांबले असते. पण फोन नुसता वाजत होता. मला राग आला. अशी कशी बाई? आपल्याला शेवटाला असं सोडून देतात होय?

मी खाली आले तर बुधीबाय माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "रडतीस कशाला? कुलूप कोणी तोडायचं नाय, पोराचं घर हाय ते. पण पेटी भाईर हाय ना?"

पेटी बाहेरच होती. ओटीवर, वाशाला. अँटेना छपरावर. घरातून येत होता तो फक्त करंट.

"आमच्या घरात करंट हाय," मागून दुसरी म्हातारी म्हणाली. "तिकडं ने तिला."

मी पेटी सोडवली. बांबू उतरवला. म्हाताऱ्यांनी तो पालखीसारखा खांद्यावर घेतला आणि भांडत भांडत चार घरं पलीकडं नेला. त्या घराचं छप्पर बुधीबायच्या घरापेक्षा खाली होतं, समोर आंब्याची फांदी आडवी. मी चढले. मीटर आधीच बुधीबायच्या हातात दिला होता. वरून म्हटलं, "हिरवे दिवे किती ते ओरडून सांगा."

"एक बी नाय!"

मी डावीकडं फिरवली.

"नाय!"

"जरा थांबा, बघू द्या मला."

"तूच फिरव, आमी बघतो. नाय! अजून नाय! ए, एक लागला! एक लागला गो!"

"दोन! दोन!"

"दोन कुठं, तो तुज्या बांगडीचा हाय!"

"हलू नको! तिथंच ठेव! तीन!"

तिसरा लागला तेव्हा मला वाटलं छपरावरून पडणार. खालची बाजू झाली. मग वरच्या वाडीकडची अँटेना. फांदी छाटावी लागली, ती छाटायला कोयता कुणाचा यावर म्हाताऱ्यांत वाद झाला. ऊन कलायच्या आत बुधीबायच्या लेकीचा आवाज त्या घरात घुमला. "आये, कुठं मेलीवतीस दोन दिस?" आणि सगळ्या म्हाताऱ्या एकदम बोलायला लागल्या.

संध्याकाळी मी बाईंना नेहमीसारखा निरोप पाठवला. पेटी हलवली. घर आता वर्षभर उघडं राहील असं आहे. फांदी छाटली. तीन दिवे. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, बाई ओरिसाला गेल्या.

मी आजींकडं जायचंच टाळलं. मनात राग होता आणि त्या रागाची लाजही होती. ज्यांनी मला गच्चीतल्या दोरीपासून उचललं त्यांच्यावर कसलं रागवायचं? पण जायला मन घेईना. शेवटी संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले.

आजींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आलीस! मला वाटलं तू बी ओरिसाला गेलीस."

मी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि न राहवून विचारलं. त्या दिवशी बाई कुठं होत्या?

"इथंच व्हती," आजी म्हणाल्या. "फराळाचे डबे आवरत होतो आमी. फोन वाजला, तुझं नाव बघितलंन, आणि उठली. किल्ली घेतली, दारापर्यंत गेली. मी म्हटलं, अगो, आधी उचल तरी, पोरगी काय म्हणते बघ. तर म्हणते, उचलला तर मी जाणार आई. आणि मी गेले तर हेपण गेलं म्हणून समज."

"मग?"

"मग आत आली. फोन घेतला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला, पार तळाशी. वरून झाकण. तरी आवाज येतच व्हता, तांदळातनं, गुरगुर गुरगुर. तर ती त्या डब्यावर चढून बसली. दोन्ही हात मांडीखाली घालून. मी चहा पुढे केला तर हात काढीना. म्हणते, हात मोकळे झाले तर उघडीन मी डबा."

आजी पुढं बोलत होत्या.

"वाजतोय तोवर बरी व्हती गो. तू फोन करायची थांबलीस ना, तेव्हा खरी घाबरली. मला विचारते, आई, आता का वाजत नाही? ऊन खाली येईपर्यंत तशीच बसलेली. मग काय तो कंप्युटर उघडला, त्यात कसला हिरवा दिवा दिसला तिला देव जाणे. नुसती बघत राहिली. जेवली मात्र पोटभर. आणि सकाळी निघाली."

आजी स्वयंपाकघरात गेल्या आणि पत्र्याचा तो डबा पायानं पुढं सरकवला. झाकणाच्या मधोमध मोठा खळगा पडला होता.

"हे बघ काय करून ठेवलं. आता बसत नाय नीट, किडे होतात तांदळात. तुझ्याच्यानं होतं का बघ."

मी खाली बसले आणि दोन्ही तळव्यांनी झाकण दाबलं. एका बाजूनं बसवलं की ते दुसऱ्या बाजूनं टणकन वर यायचं.